बहिणीच्या भाषणातलं पाणी

माझी धाकटी बहीण अमेरिकेत आमदार होती. मुरबाडच्या बाजारात, बँकेच्या रांगेत, कुणाच्या हळदीला, मी हे वाक्य शेवटी 'आहे' लावून इतक्या वेळा बोलले की आता 'होती' म्हणताना जीभ अडते.

ते पद नेमकं काय, हे तिनं मला फोनवर दोन-तीनदा समजावलं होतं. देशाचं मोठं सभागृह नव्हे, त्यांच्या राज्याचं. दर दोन वर्षांनी निवडणूक.

"म्हंजे आमदारच ना गो?"

"हां ताई, आमदारच म्हण," ती हसून म्हणाली.

तिचं मराठी ती गेली तेव्हाचंच राहिलं आहे. माझी मुलं कल्याणच्या कॉलेजात गेल्यापासून 'नाही' म्हणायला लागली. ती एवढ्या लांब राहून अजून 'नाय' म्हणते.

आमचं माहेर शहापूर तालुक्यात, वाशिंदहून आत, डोंगराच्या बाजूला. बाबा कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर मजुरीला जायचे आणि शनिवारी घरी यायचे. आई शेतात. आम्ही दोघीच बहिणी, मध्ये सात वर्षांचं अंतर. घरातलं पाणी माझ्याकडे होतं. कुणी वाटून दिलं नव्हतं, मोठी म्हणून आपोआप आलं. होळीपर्यंत विहिरीचा तळ दिसायचा. मग नदीच्या कोरड्या पात्रात खड्डा खणायचा, त्याला आम्ही डवरा म्हणतो. त्यात पाणी झिरपेपर्यंत बसून राहायचं आणि वाटीवाटीनं हंडा भरायचा. येताना मुंबईला पाणी नेणारी मोठी पाइपलाइन ओलांडावी लागे. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी, सकाळी एकदा आणि शाळेतून आल्यावर एकदा. आज माझी मुलगी माझी वेणी घालते तेव्हा म्हणते, "आई, टाळूवर केस विरळ झालेत गं." वयानं नाही झाले ते. चुंबळीच्या जागी ते सोळाव्या वर्षीच विरळ होते.

धाकटीला आई पाण्याला पाठवत नसे. "तिचं डोकं पुस्तकात जातंय, जाऊ दे," म्हणायची. मलाही त्याचं काही वाटत नव्हतं. मी हंडा उतरवायचे, ती उंबऱ्यावर बसून धडा वाचत असायची आणि न बघता पाय आवरून मला वाट द्यायची.

मी दहावी दुसऱ्या खेपेला सुटले आणि लग्न होऊन मुरबाड तालुक्यात आले. पुढे अंगणवाडी सेविका झाले आणि त्यातच निवृत्त झाले. ती बारावीनंतर ठाण्याला नर्सिंगला गेली, मग आखातात आणि तिथून परीक्षा देऊन अमेरिकेत. लग्न तिथल्याच एका शाळामास्तराशी केलं. आई-बाबा गेले तेव्हा दोन्ही वेळा ती आली, दहा-दहा दिवस राहिली आणि परत गेली.

ती राजकारणात कशी शिरली, हे मी तिच्याच तोंडून ऐकलं. ती काम करायची त्या दवाखान्यात नर्सा कमी केल्या. एका नर्सच्या वाट्याला दुप्पट पेशंट आले. गावाच्या सभेत हा विषय निघाला तेव्हा ती हात वर करून उठली आणि बोलली. बोलून खाली बसली तर शेजारच्या म्हातारीनं तिचा हात धरला आणि म्हणाली, तूच उभी राहा. आधी ती तिथली नगरसेविका झाली. मग चार वर्षांनी आमदारकीला उभी राहिली.

त्या पहिल्या मोठ्या निवडणुकीत तिचे फोन रोज यायचे. आमच्याकडे सकाळचे सात वाजलेले असायचे, तिकडे रात्रीची जेवणं झालेली. मी भाकऱ्या थापत फोन खांद्यात धरून बोलायचे.

"ताई, लोक दार उघडत नायत."

दारोदार फिरण्यातलं मला कळत होतं. अंगणवाडीच्या कामात सर्वेक्षण असायचं, वर मतदार यादीचं काम आमच्याच गळ्यात. माळशेजच्या पायथ्यापर्यंतच्या वाड्या मी पायी फिरले आहे.

"आधी दारातल्या चपला बघायच्या," मी सांगितलं. "किती माणसं घरात हायेत, बाई हाय का, म्हातारं हाय का, समदं कळतं. आणि मत मागायचं नाय लगेच. घरात कोण आजारी हाय का ते विचारायचं."

"इथं चपला आत असतात गो," ती म्हणाली. पण आजाराचं विचारायला लागली. नर्स होती, ते तिला जमलं. ती निवडून आली.

आमच्या माहेरच्या लोकांनी हायवेला बॅनर लावला. त्यावर तिचा फोटो आणि मोठ्या अक्षरात 'अमेरिकेच्या आमदार, आपल्या गावची कन्या'. खाली शुभेच्छुकांचे वीस-पंचवीस फोटो. मी एका कोपऱ्यात होते, आधार कार्डावरचा फोटो कुणीतरी काढून दिलेला. मी ते बघायला मुद्दाम एसटीनं गेले होते.

दोन वर्षं गेली. तिची दुसरी निवडणूक आली. आमच्याकडे भात पिवळं पडायला लागलं होतं. एक दिवस दुपारी माझ्या भाचीनं, म्हणजे तिच्या मुलीनं, तिच्या भाषणाचा व्हिडिओ पाठवला. मी पडवीत चवळी निवडत होते. ह्यांनी मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला.

इंग्रजी मला सगळं कळत नाही, पण पोषण आहाराच्या कागदांनी आणि मुलांनी मिळून बरंच शिकवलं आहे. ती सांगत होती की ती नऊ वर्षांची असताना दिवसातून दोनदा डोक्यावरून पाणी आणायची. मोठ्या शहराला पाणी नेणारा नळ तिच्या वाटेत आडवा होता, आणि त्यातलं थेंबभर तिच्या घराला मिळत नव्हतं. तिनं हात वर करून डोक्यावर चुंबळ कशी ठेवतात ते दाखवलं. टाळूला हात लावून सांगितलं की इथले केस अजून नीट येत नाहीत. समोर एक बाई डोळे पुसत होती. मग सगळे उठून उभे राहिले.

माझ्या हातातली चवळी तशीच राहिली.

"चांगली बोलली," हे म्हणाले.

ह्यांना माझं सगळं लहानपण माहीत. थोड्या वेळानं त्यांच्याही लक्षात आलं. ते नुसते "हं" म्हणाले आणि मोबाइल पालथा घातला.

तिथून माझं बसणं गेलं. काम करत होते, पण एक काम हातात टिकेना. विळा घेऊन बांधावर जायचे आणि गवत न कापता परत यायचे. राग होता का? होता. पण त्यात आणखी काहीतरी होतं, जे मला कुणाला सांगायची लाज वाटत होती. माझ्या पाण्यासाठी अमेरिकेत माणसं उभी राहिली होती. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होते. तिला मात्र चकार शब्द बोलले नाही. फोनवर म्हणाले, "छान झालं भाषण."

निवडणुकीला तीन आठवडे राहिले असतील. आम्ही कापणीला लागलो होतो. सकाळी शेतातच तिचा फोन आला. नेहमी ती आधी भात कसं आहे ते विचारते. त्या दिवशी विचारलं नाही.

"ताई, तुला भेटायला कुणीतरी येईल. पेपरवाली."

"माझ्याकडं कशाला?"

"समोरच्या पार्टीचे लोक म्हणतायत, मी लहानपणाचं खोटं सांगते. इथला पेपर खरंखोटं बघतोय. त्यांनी मुंबईतल्या एकीला सांगितलंय. पाण्याचं विचारील."

"मग काय सांगू?"

ती म्हणाली, "जे हाय ते सांग."

"काय हाय ते?"

"तुला म्हाईत हाय ना ताई," ती म्हणाली. मागून कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

मी ह्यांना सांगितलं. ते भारा बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "सांग, भरायची म्हणून. तुझं काय जातंय त्यात?"

"माझंच तर जातंय," मी म्हणाले.

ती पत्रकार पाचव्या दिवशी आली. त्या पाच दिवसांत मी काय सांगायचं ते इतक्या वेळा ठरवलं आणि मोडलं की शेवटी ठरवणंच सोडलं. तिशीतली मुलगी होती, पाठीला बॅग, साधा कुडता. बोलायला गोड. चहा घेतला, घरातलं विचारलं, माझ्या नोकरीचं विचारलं. मग मोबाइल माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "रेकॉर्ड केलं तर चालेल ना, मावशी?"

"चालंल."

"तुमची बहीण लहानपणी पाणी भरायची का?"

"भरलंय तिनं," मी म्हणाले.

आणि ते खोटं नव्हतं. मला टायफॉइड झाला होता त्या उन्हाळ्यात तिनं बारा दिवस पाणी भरलं होतं. नऊ वर्षांचीच होती. आईनं तिला लहान हंडा दिला. तिसऱ्या दिवशी ती पाइपलाइनवरून उतरताना पडली आणि हनुवटी फुटली. हंडा चेपला म्हणून आई ओरडली आणि हळद लावून तिला परत पाठवली. मी खाटेवरून बघत होते, अंगात ताप होता, उठता येत नव्हतं. हनुवटीवरची ती खूण तिच्या सगळ्या निवडणुकांच्या फोटोंत दिसते.

"रोज भरायची?" मुलीनं विचारलं.

ह्यांनी दारातून माझ्याकडे बघितलं. मला 'हो' म्हणायचं होतं. तोंड उघडलं ते त्यासाठीच.

"नाय," मी म्हणाले. "रोज मी भरायचे. ती थोडे दिवस."

"किती वर्षं भरलंत तुम्ही?"

"लग्न होईस्तोवर."

तिनं मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू आहे का ते बघितलं. मग म्हणाली, "हे लिहू ना मी?"

"लिवा."

ती गेली. मी कप विसळले. दुसऱ्यांदा विसळले. मग ह्यांना म्हणाले, "गाडी काढा. स्टँडवर चला."

"आता कशाला?"

"चला तुमी."

कल्याणची एसटी फलाटाला लागली होती. मुलगी मागच्या बाजूला खिडकीशी बसली होती. मी वर चढले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.

"बाई, ते लिवू नका."

"खोटं होतं का ते?"

"नाय."

"मग?"

तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी हलली. मी उतरले नाही. खिडकीतून हे दिसले, मोटरसायकलवर बसलेले, तोंड उघडं.

"मावशी," ती मुलगी हळूच म्हणाली, "मी काल तुमच्या माहेरी जाऊन आले. तिथल्या बायकांनी मला हेच सांगितलं. मोठी पाणी भरायची आणि धाकटी शिकायची."

"मंग मला कशाला विचारलंत?"

"तुम्ही काय सांगता ते ऐकायचं होतं."

असा राग मला आयुष्यात कमी वेळा आला आहे. मी उठून उभी राहिले, पण चालत्या गाडीत जाणार कुठे? परत बसले. आणि मग मी बोलायला लागले. तिला सांगितलं की रेकॉर्ड कर. टायफॉइडचं सांगितलं, बारा दिवसांचं सांगितलं, फुटलेल्या हनुवटीचं सांगितलं. आमच्या घरात पाणी कुणी आणलं हे कुणी विचारत नसे, आलं का एवढंच विचारत, हे सांगितलं. "तुमी त्या लोकांना असं लिवा," मी म्हणाले, "की ती खोटारडी नाय. ती माझं सांगते. माझं ते तिचं नाय का?" शेवटचं वाक्य बोलताना मलाच ते खरं वाटत नव्हतं. पुढच्या फाट्यावर उतरले आणि ह्यांची वाट बघत उभी राहिले. ते मागोमाग येतच होते.

बातमी आली. भाचीनं पाठवली नाही, मी माझ्या मुलाकडून शोधून घेतली. त्यानं वाचून मराठीत सांगितलं. त्या पत्रकार मुलीनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, हनुवटीचंसुद्धा होतं. पण मथळ्यात तेवढंच होतं जे पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं: रोज मी भरायचे. दोन दिवसांत समोरच्यांनी ते वाक्य टीव्हीवरच्या जाहिरातीत लावलं. तिच्या भाषणातला डोक्याला हात लावलेला तुकडा, आणि त्याखाली माझं वाक्य.

तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. झोडणी चालू होती, खळ्यावर भाताचा धुरळा, हातात फोन घ्यायला वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर तो ब्लाउजातच ठेवलेला असायचा आणि दर घटकेला मी बघायचे.

ती पडली. थोड्याच मतांनी पडली.

तो निकाल मला भाचीच्या मेसेजमधून कळला. मी खळ्यावर होते. बायका पेंढा रचत होत्या, त्यांना मी काही सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत काम केलं. घरी आल्यावर तिला एवढंच लिहिलं, 'जेवलीस का?' तिनं दोन दिवसांनी उत्तर पाठवलं, 'हो'.

जानेवारीत ती आली. नवरा नाही, मुलं नाहीत, एकटीच. पहिले चार दिवस आम्ही दोघी इतक्या गोड वागलो की ह्यांना ते सहन होईना. ते शेतावरच राहायला लागले. पाचव्या दिवशी आम्ही माहेरच्या गावी गेलो. बॅनर केव्हाच उतरला होता. वाटेत एक म्हातारी भेटली, आमच्या आईच्या बरोबरीची. बहिणीचा गाल कुरवाळून म्हणाली, "पडलीस का गो बाय? पडतात. आपला सरपंच दोनदा पडला, मग आला. उभं राहायचं." बहीण खूप दिवसांनी मोकळी हसली.

परतीला वाशिंद स्टेशनकडे जाताना रिक्षा मिळेना, म्हणून चालत निघालो. तिथंच ते फुटलं.

"तुला राग आला होता तर मला का नाय सांगितलंस?" ती एकदम म्हणाली. "भाषण छान झालं म्हणालीस. तेव्हाच बोलली असतीस, ताई, तर मी ते काढून टाकलं असतं. मला न सांगता पेपरला सांगितलंस."

"तूच म्हणालीस, जे हाय ते सांग."

"हां, म्हणाले. मला वाटलं तू सांभाळशील."

"तुला नेहमी वाटतं मी सांभाळीन."

ती रस्त्याच्या कडेला थांबली. मागून कारखान्याच्या पाळीतून सुटलेल्या बायका येत होत्या, त्यांना वाट देऊन आम्ही एका दुकानाच्या पायरीवर बसलो. मग तिनं सांगितलं. पहिल्यांदा ती भाषणात 'आम्ही पाणी भरायचो' म्हणाली होती. ते ठीक होतं. मग भाषणं लिहून देणारा एक पोरगेलासा माणूस ठेवला, त्यानं 'आम्ही'चं 'मी' केलं, कारण लोकांना एकाच माणसाची गोष्ट लवकर कळते. तिनं ते तसंच वाचलं.

"लोक उभे राहिले, ताई. मी इतकी वर्षं दवाखान्यात राबले, तेव्हा कुणी उभं राहिलं नाय. नर्सांचं बोलले तेव्हापण नाय. पाण्याला उभे राहिले. दुसऱ्या सभेत मी ते पुन्हा बोलले. टाळूला हात पहिल्यांदा कवा लावला, ते मला आठवतपण नाय. नंतर नंतर मला खरंच वाटायला लागलं की मीच भरलंय. बारा दिवस तर भरलंच होतं ना. मला लहानपणचं जास्ती तेच आठवतं. तू खाटेवर आणि मी उन्हात. मला वाटायचं, ही मरेल आणि मंग हे रोज माझ्या डोक्यावर येईल."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं त्या बारा दिवसांत ती माझी काळजी करत होती.

"मी गाडीत चढले होते," मी म्हणाले. "ते परत घ्यायला. ती म्हणाली, गावातल्या बायकांनी आधीच सांगितलंय."

"म्हंजे तू नसतं सांगितलंस तरी..."

"तरी आलं असतं. पण ते त्यांच्या जाहिरातीत लागलं नसतं. माझं वाक्य लागलं, कारण मी बहीण."

"हो," ती म्हणाली. "तेच लागलं."

मी पडले ती तुझ्यामुळं नाय, असं ती म्हणाली नाही. मला ते ऐकायचं होतं. मी तिला "माफ कर" म्हणाले नाही, तिनंही मला म्हटलं नाही. ती म्हणाली, तिथं घरपट्टीवरून लोक चिडले होते, त्याचाही परिणाम झाला असेल, नक्की कुणालाच सांगता येत नाही. मग आम्ही उठून स्टेशनवर गेलो आणि तिनं वडापाव घेतले. तिला तिखट चटणी सोसली नाही, डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यावर मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

ती परत जाऊन पुन्हा दवाखान्यात कामाला लागली. मागच्या वर्षी नगरसेवकाच्या जुन्या जागेसाठी उभी राहिली, जिथून तिनं सुरुवात केली होती. यावेळी सल्ला मागायला फोन आले नाहीत, पण आठवड्याला एक यायचा. निवडून आली. माहेरच्या लोकांना कळवलं, त्यांनी "छान" म्हटलं. नगरसेविकेचा बॅनर लावायचा की नाही, यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही.

त्या विजयाच्या सकाळी मी तिला विचारलं, "भाषणात काय बोलतेस आता?"

"नर्सांचं बोलते. शाळेच्या बसचं, घरांच्या भाड्याचं."

"आणि पाण्याचं?"

"नाय ताई. ते सोडलं. कुणी विचारलं तरी सांगत नाय."

"बरं केलंस," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि परत माझं तेच सुरू झालं. पडवीतून अंगणात, अंगणातून पडवीत. मला बरं वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर वाटलं नाही. तिनं माझं नाव घेऊन, 'माझी बहीण भरायची' असं म्हणून ते सांगितलं असतं तर चाललं असतं, हे तिला सुचलं नाही का? की सुचलं आणि नको वाटलं? विचारावं असं रोज मनात येतं. शनिवारी सकाळी सातला तिचा फोन येतो, ती भात कसं आहे विचारते, मी सांगते. भाताचं सांगून झालं की ती विचारते, "आणि काय?"

मी म्हणते, "आणि काही नाय."